वंशाचा दिवा आणि पानावरचा भुंगेरा



शाळेच्या विज्ञानात आपण सगळेच एक वाक्य शिकलो आहोत. स्त्रीकडे एक्स-एक्स, पुरुषाकडे एक्स-वाय. म्हणून मुलगा होणार की मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूवर ठरते. वाक्य बरोबर आहे. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात. पालक मेळाव्यात, बालिका दिनाच्या भाषणात, भिंतीवरच्या तक्त्यातसुद्धा तेच असतं. तरीही माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य एकटं शिकवू नये. एकटं शिकवलं की ते अर्धवट पोचतं, आणि अर्धवट पोचलेलं विज्ञान घरात जाऊन भलतंच काम करतं.

कसं ते सांगते. एका माता-पालक मेळाव्यात मी हेच वाक्य फळ्यावर आकृती काढून समजावलं. तीन मुलींची एक आई म्हणाली, "मॅडम, पुस्तकात काय बी लिहिलेलं असू द्या, घरी तर मलाच बोलतात." तेवढ्यात मागून एक आजी म्हणाल्या, "म्हंजे सुनेची चूक नाही, पोराची चूक म्हणायची!" सगळ्या हसल्या. पण आजींनी जे ऐकलं ते नीट लक्षात घ्या. मुलगी होणं ही चूक आहे हे गृहीतच धरलेलं होतं. आपल्या वाक्यामुळे फक्त चूक कोणाच्या नावावर टाकायची ते बदललं.

दुसरी गोष्ट आणखी खोल आहे. एक्स-वाय ऐकलं की अनेकांच्या मनात वाय म्हणजे काहीतरी जास्तीचं, पुरुषाचं खास धन असं चित्र तयार होतं. वंशाचा दिवा म्हणतात तो हाच, आता विज्ञानानेही सांगितलं, असा अर्थ लावणारे लोक मी पाहिलेत. या दोन्ही गैरसमजांवर मला सापडलेलं उत्तर माणसाच्या धड्यात नव्हतं. ते सापडलं भुंगेऱ्यांच्या गोष्टीत. ती गोष्ट आपण शिक्षकांनी आणि पालकांनी माहीत करून घ्यायलाच हवी, असं मला वाटतं.

आधी भुंगेरा बघू या

पावसाळ्यात गाजर गवताकडे नीट पाहा. पानांना भोकं पडलेली दिसतील आणि त्यांवर मळकट पांढऱ्या पाठीचे, गडद तपकिरी रेघांचे छोटे किडे दिसतील. हेच मेक्सिकन भुंगेरे. गाजर गवत आटोक्यात यावं म्हणून ते मुद्दाम मेक्सिकोहून आणले आणि १९८४ मध्ये बंगळुरू भागात सोडले. तिथून ते देशात पसरले. पाने खाऊन जगणाऱ्या भुंगेऱ्यांचं जे प्रचंड मोठं कुळ आहे, त्यातलाच हा एक. भोपळ्या-काकडीच्या वेलावरचा तांबडा भुंगेरा, भातावरचा काटेरी हिस्पा, द्राक्षबागायतदारांना छळणारा उडद्या हे सगळे याच कुळातले. जगात या कुळाच्या ३५ हजारांपेक्षा जास्त जाती नोंदलेल्या आहेत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातले बरेचसे शत्रू. पण सूक्ष्मदर्शक घेऊन बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे कूळ म्हणजे खजिना. कारण प्रत्येक पेशीत धाग्यासारखी जी गुणसूत्रं असतात, त्यांची संख्या आणि मांडणी या कुळात इतक्या तऱ्हेची आहे की माणसाच्या धड्यात शिकलेला एकेक नियम इथे मोडलेला दिसतो.

एका शिक्षिकेचं काम

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मुलगा की मुलगी हे कशावर ठरतं याचं खात्रीचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. आईचा आहार, तापमान, शरीराची ताकद अशी कारणं युरोप-अमेरिकेतले शिकलेले लोकही सांगत. म्हणजे आईला जबाबदार धरणं ही फक्त आपल्याकडची रीत नव्हती.

१८९१ मध्ये हर्मन हेंकिंग या जर्मन अभ्यासकाला एका कीटकाच्या शुक्रपेशींत वेगळंच वागणारं काहीतरी दिसलं. ते काय आहे हे कळेना, म्हणून त्याने त्याला एक्स म्हटलं. आपण गणितात न कळलेल्या संख्येला क्ष मानतो, तसंच. पुढे त्याच्या जोडीदाराला वर्णमालेतलं पुढचं अक्षर मिळालं, वाय. या अक्षरांमध्ये मोठेपणा नाही की लहानपणा नाही. मुलांना हे आवर्जून सांगा.

कोडं सुटायला भुंगेरा कामी आला, आणि ते सोडवणाऱ्यांत एक शिक्षिका होती. नेटी स्टीव्हन्स, जन्म १८६१, अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. त्यांनी आपल्या डी.एड.सारखंच शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत शिक्षण घेतलं, शाळेत शिकवलं, पैसे साठवले आणि पस्तिसाव्या वर्षी, १८९६ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. १९०३ मध्ये ब्रिन मॉर कॉलेजातून पीएच.डी. केली. आपल्यापैकी जे तिशी-पस्तिशीत "आता काय शिकायचं" म्हणतात, त्यांनी हा हिशेब जरूर करावा.

१९०५ मध्ये त्यांनी पिठात होणाऱ्या भुंगेऱ्याच्या पेशींतली गुणसूत्रं मोजली. हा पाने खाणाऱ्या कुळातला नव्हे, पण भुंगेराच. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं. नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी चिमुकलं. म्हणजे नराचे निम्मे शुक्राणू मोठं गुणसूत्र घेऊन जाणार, निम्मे चिमुकलं. मोठं आलं तर मादी, चिमुकलं आलं तर नर. त्याच वर्षी एडमंड विल्सन हेही दुसऱ्या कीटकांवर काम करून स्वतंत्रपणे याच दिशेला पोचले. पुस्तकांत मात्र विल्सन आणि थॉमस मॉर्गन यांची नावं मोठी झाली, स्टीव्हन्स यांचं मागे पडलं. १९१२ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. संशोधनाला त्यांना जेमतेम बारा वर्षं मिळाली.

पण गोष्ट इथे संपत नाही

स्टीव्हन्स एका भुंगेऱ्यावर थांबल्या नाहीत. १९०६ मध्ये त्यांनी आणखी अनेक भुंगेरे तपासले, त्यांत पाने खाणारेही होते. मग १९०८ मध्ये त्यांनी अमेरिकेतला काकडीवरचा पट्टेरी भुंगेरा आणि त्याचे भाऊबंद घेतले. हा आपल्या तांबड्या भुंगेऱ्याचा लांबचा नातलग. इथे नरामध्ये चिमुकलं गुणसूत्र सापडलंच नाही! नराकडे एकच एक्स आणि त्याला जोडीदार नाही. शिवाय या गटातल्या काही भुंगेऱ्यांत जास्तीची छोटी गुणसूत्रंही होती. कोणात एक, कोणात त्याहून जास्त, कोणात एकही नाही.

तेव्हापासून आजवर या कुळातल्या शेकडो जातींची गुणसूत्रं मोजली गेली आहेत. त्यातली थोडी उदाहरणं सांगते.

बहुतेक भुंगेऱ्यांमध्ये मूळ मांडणी अशी मानतात : साध्या गुणसूत्रांच्या नऊ जोड्या, आणि दहावी जोडी मोठा एक्स व चिमुकला वाय यांची. शुक्राणू तयार होताना हे दोघे असे जुळतात की वर छत्री आणि खाली लटकलेला माणूस, अगदी पॅराशूट. शास्त्रज्ञसुद्धा याला पॅराशूटच म्हणतात. मेक्सिकन भुंगेरा ज्या उपकुळातला, तिथे २४ गुणसूत्रं ही नेहमीची संख्या. पाठीवर कासवासारखी ढाल असलेल्या भुंगेऱ्यांत १८ जास्त दिसतात. सगळं कूळ धरलं तर ८ पासून ६४ पर्यंत.

अमेरिकेतला बटाट्याची पानं फस्त करणारा कोलोरॅडो भुंगेरा घ्या. तो आपल्या मेक्सिकन भुंगेऱ्याचा जवळचा नातेवाईक. मादीमध्ये ३६ गुणसूत्रं, नरामध्ये ३५. वाय नाहीच. निम्म्या शुक्राणूंत एक्स असतो, निम्म्यांत लिंग गुणसूत्रच नसतं. आणि ज्या शुक्राणूत काहीच नसतं, त्यापासून नर होतो.

याच्या अगदी उलट दक्षिण अमेरिका आणि आसपासचे काही उड्या मारणारे भुंगेरे. नीलो विर्की या शास्त्रज्ञाने पोर्तो रिकोमध्ये राहून त्यांचा अभ्यास केला. त्यांचे एक्स आणि वाय दोन्ही राक्षसी आकाराचे, बाकीच्या गुणसूत्रांपेक्षा कितीतरी मोठे. त्यात ते दोघे एकमेकांना चिकटतही नाहीत, लांब लांबच राहतात. तरी पेशी विभागताना एक या बाजूला, एक त्या बाजूला बरोबर जातो.

म्हणजे बघा, "वाय छोटाच असतो" हा नियम नाही. "नराला वाय लागतोच" हाही नियम नाही.

हे असं का झालं?

आता थोडं समजून घेऊ. गुणसूत्रांची संख्या बदलते ती दोन गुणसूत्रं जुळून एक झाल्याने किंवा एकाचे दोन तुकडे झाल्याने. एखादा ग्रंथ एकाच खंडात बांधला काय किंवा दोन खंडांत बांधला काय, मजकूर तोच. म्हणून ६४ वाला भुंगेरा ८ वाल्यापेक्षा हुशार किंवा पुढारलेला ठरत नाही.

लिंग गुणसूत्रांची गोष्ट वेगळी. फार पूर्वी एक्स आणि वाय ही एक साधी जोडी होती, दोघेही सारखेच. साध्या जोड्या पिढी बदलताना एकमेकांशी तुकड्यांची देवाणघेवाण करतात. त्यामुळे एकात चूक झाली तर दुसऱ्याच्या मदतीने पुढच्या पिढीत चांगली प्रत निघू शकते. पण जोडीतल्या एकाकडे लिंग ठरवणारं जनुक आलं आणि त्याच्या आसपासची देवाणघेवाण थांबली, की तो एकटा पडतो. एक्सला मादीमध्ये दुसरा एक्स भेटतो, वायला कोणीच भेटत नाही. मग वायमध्ये चुका साठत जातात, जनुकं निकामी होऊन गळतात, आकार घटतो. माणसातही हेच झालंय. एक्सवर प्रथिनं बनवणारी आठशेच्या आसपास जनुकं, वायवर त्याहून कितीतरी कमी.

घटता घटता काही जातींत वाय पूर्ण हरवतो. काकडीवरच्या आणि बटाट्यावरच्या भुंगेऱ्यांत दिसतं ते हेच. काही ठिकाणी एक्स एखाद्या साध्या गुणसूत्राला जोडला जातो. मग त्या साध्या गुणसूत्राचा मागे राहिलेला जोडीदार नवा वाय बनतो, आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

२०१४ मध्ये हीथ ब्लॅकमन आणि जेफ्री डेमथ या संशोधकांनी भुंगेऱ्यांचीच माहिती वापरून एक चांगला मुद्दा मांडला. ज्या गटांत एक्स-वायला एकत्र राहण्यासाठी तुकड्यांची देवाणघेवाण करावीच लागते, तिथे देवाणघेवाणीची जागा आक्रसली की वाय हरवण्याचा धोका वाढतो. पण पॅराशूटवाल्यांना देवाणघेवाणीची गरजच नाही, म्हणून त्यांचा वाय चिमुकला होऊनही टिकून राहतो. सांगायचं इतकंच, की आज जे एक्स-वाय दिसतं ते निसर्गाने एकदाच कोरून ठेवलेलं नाही. ते बदलत आलंय आणि बदलत राहील.

अक्षरं तीच असली तरी काम तेच असतं असंही नाही. दोन एक्स आणि एक वाय असलेली फळमाशी मादी असते. तशीच मांडणी असलेला माणूस पुरुष असतो. कोंबड्यांत तर उलटाच कारभार आहे, तिथे पिल्लू नर की मादी हे कोंबडीच्या अंड्यातल्या गुणसूत्राने ठरतं. आणि आपल्या कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत गुणसूत्रं हे ठरवतच नाहीत. वाळूतल्या अंड्यांना ऊब जास्त मिळाली तर माद्या, कमी मिळाली तर नर.

मग आपण शिकवायचं काय?

माझं म्हणणं तीन मुद्द्यांत मांडते.

पहिला, वडिलांवर खापर फोडणं बंद करू या. शुक्राणू वडिलांचा हे खरं, पण कोणता शुक्राणू अंडपेशीपर्यंत पोचेल हे वडिलांच्या हातात नाही, आईच्या नाही, देवऋषीच्या तर नाहीच. तो जवळजवळ नाणेफेकीसारखा योगायोग आहे. योगायोगाला दोषी नसतो. "आई जबाबदार नाही" या वाक्यापुढे "आणि जबाबदार धरावं असं काही घडलेलंच नाही" हे वाक्य बोललंच पाहिजे. मुलगा होण्याचं औषध विकणाऱ्यांचा धंदा चालतो तो याच जागी आपण गप्प बसतो म्हणून.

दुसरा, वायचं देव्हाऱ्यात बसवणं बंद करू या. ज्याच्यावर अख्ख्या घराची प्रतिष्ठा टांगलेली असते, ते गुणसूत्र बटाट्यावरच्या भुंगेऱ्याने कधीच टाकून दिलंय आणि त्याचा वंश मात्र शेतकऱ्याला पुरून उरलाय. वंश पुढे नेणं हे नर आणि मादी दोघांच्या गुणसूत्रांचं काम. आपल्या ४६ पैकी वाय एक. बाकीची ४५ काय उगाच आहेत?

तिसरा, भुंगेऱ्यावरून माणसांनी कसं वागावं हे ठरवू नये. हे मी मुद्दाम सांगते. मुलगी हवी की नको याचं उत्तर किड्यांत शोधायचं नसतं, ते राज्यघटनेत आणि आपल्या माणुसकीत आहे. उद्या भुंगेऱ्यांत काही वेगळं सापडलं म्हणून मुलीची किंमत कमी-जास्त होत नाही. भुंगेरा एवढंच करतो : निसर्गाचा दाखला देऊन जे लोक मुलाला वरचढ ठरवतात, त्यांचा दाखला खोटा आहे हे दाखवतो.

कोणी म्हणेल, मॅडम, एवढं कशाला? मुलांचा गोंधळ होईल, अभ्यासक्रमात नाही, शिवाय कायदे आहेतच की. कायदे आहेत हे खरं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी कायदा केला, १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४ राहिल्या. त्याच २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात "नकुशी" नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना नवी नावं देण्याचा कार्यक्रम झाला. कायदा दवाखान्यापर्यंत जातो. ताटाशी बसल्यावर सुनेला जे ऐकवतात, तिथपर्यंत आपल्या वर्गातलं मूलच जाऊ शकतं.

आणि गोंधळाचं म्हणाल, तर मुलं अपवादांनी गोंधळत नाहीत, त्यांना ते आवडतात. पॅराशूट बांधलेलं गुणसूत्र ऐकल्यावर कोणाचे डोळे मोठे होणार नाहीत?

वर्गात करता येण्यासारखं

तिसरी-चौथीपर्यंत गुणसूत्र हा शब्दही नको. पावसाळ्यात भुंगेऱ्यांचं निरीक्षण पुरे : रंग, रेघा, कोणतं झाड, पानाला भोक की कड खाल्लेली. मात्र एक खबरदारी घ्या. गाजर गवताने अनेकांच्या अंगाला खाज येते, म्हणून मुलांना हात लावू देऊ नका, लांबूनच दाखवा. त्यापेक्षा परसबागेतला भोपळ्याचा वेल बरा.

पाचवी ते सातवीला नाणेफेक घ्या. प्रत्येकाने तीन वेळा नाणं उडवायचं आणि छाप-काटा लिहायचा. तीनही वेळा काटाच आला अशी मुलं वर्गात निघतातच, कारण आठातून एकदा ते व्हायचंच. मग विचारा : "यात कोणाची चूक झाली?" आणि दुसरा प्रश्न : "तीनदा काटा आला, आता चौथ्यांदा छाप नक्की येणार का?" मुलं आधी हो म्हणतात. पुन्हा उडवून बघू द्या. या एका खेळात शक्यतेचं गणितही होतं आणि तीन मुलींच्या आईला काय ऐकावं लागतं तेही न बोलता समोर येतं.

आठवीच्या पुढे शिकवणाऱ्यांनी एक्स-वायच्या आकृतीशेजारी फळ्यावर आणखी तीन ओळी लिहाव्यात : कोलोरॅडो भुंगेरा, कोंबडी, समुद्री कासव. प्रत्येकापुढे नर-मादी कशाने ठरतं ते लिहायचं. पाच मिनिटांचं काम आहे. वर "माणसातली पद्धत ही अनेकांतली एक" असा मथळा द्यायला विसरू नका.

पालकहो, तुमच्यासाठी काम सोपं आहे. घरात बाळ झालं आणि कोणी "काय झालं?" विचारलं, तर उत्तराच्या आधी सुस्कारा टाकू नका. घरातली मुलं गुणसूत्रं शिकायच्या कितीतरी आधी तो सुस्कारा शिकतात.